अण्णांची सही आणि न मिळालेलं इंजेक्शन

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ६१, साखर कारखान्यातून निवृत्त, पंधरा वर्षांचा मधुमेह. अठरा दिवसांपूर्वी पहाटे चारला त्यांच्या छातीवर दडपण आलं. पित्त असेल म्हणून ते सोडा पिऊन ओट्यावर जाऊन बसले, कुणाला उठवलं नाही. आठला लेकीला त्यांचा घामानं भिजलेला बनियन दिसला. नऊला तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी झाला, मोठा अटॅक निघाला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी रुग्णवाहिकेनं पुण्याला पाठवलं, संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली. अण्णा घरी आले, पण इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) ३५ टक्केच निघालं. मग अमेरिकेतल्या भावानं एक लेख पाठवला. अटॅकनंतर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीला चिकटतात आणि वाचलेला स्नायूही खराब करतात. हे चिकटणं औषधानं रोखलं तर उंदरांच्या हृदयाचं नुकसान बरंच कमी झालं, असं त्यात आहे. ‘हे अण्णांना कुणी का दिलं नाही? तू सरळ पुण्याला का नेलं नाहीस?’ असं तो विचारतो आहे. दरम्यान पुण्याच्या रुग्णालयातून विचारणा झाली आहे, की सूज कमी करणाऱ्या एका औषधाच्या अभ्यासात अण्णांना घ्यायचं का. दहा दिवसांत कळवायचं आहे. भाऊ म्हणतो, लगेच सही कर, आणि तोवर कोल्चिसिन विकत घेऊन सुरू कर. आई म्हणते, माझ्या माणसावर प्रयोग नकोत. ‘सही करू की नको? आणि त्या दिवशी माझं चुकलं का?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. तो मनात तसाच राहिला तर पहिल्याचं उत्तर तुम्ही नीट ऐकणारच नाही.

तुम्ही अण्णांना तालुक्याला नेलंत, हे बरोबर केलंत. सरळ पुण्याची गाडी धरली असती तर चुकलं असतं. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी जवळच्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, मग पेशंट मोठ्या रुग्णालयात पाठवायचा आणि पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची, हा आज जगभर मान्य असलेला क्रम आहे. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी हेच केलं, एका पायरीचीही चूक नाही. दादाच्या मनातल्या रस्त्यानं गेला असता तर खंबाटकीचा घाट, टोलनाका, पुण्यातली सकाळची गर्दी आणि वर रुग्णालयातले सोपस्कार, एवढा सगळा वेळ ती धमनी बंदच राहिली असती.

वेळ गेला तो चार ते आठ. हे गोड करून सांगणार नाही, कारण तुम्ही सुशिक्षित आहात आणि आज ना उद्या कुठेतरी वाचालच. धमनी बंद झाली की हृदयाचा स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून सुरुवात होते आणि मरण हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकतं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली हे कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलं. धमनी चाळीस मिनिटांनी मोकळी केली तर बराच स्नायू वाचतो, तीन तासांनी कमी, सहा तासांनी फारच थोडा. अण्णांचं पंपिंग उतरलं त्याचा मोठा भाग त्या चार तासांचा आहे. पण त्या तासांत तुम्ही झोपलेल्या होतात आणि अण्णा ओट्यावर होते. तुम्हाला कळलं आठला आणि ईसीजी निघाला नऊला. गावातून तालुक्याला पोहोचून एका तासात ईसीजी, याहून जलद कुणी काय करणार?

अण्णा तरी वेगळे वागले का? भारतातल्या ५० शहरांमधल्या २०,४६८ रुग्णांची मोठी नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात दुखायला लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं होता, म्हणजे निम्म्या लोकांना सहा तासांहून जास्त लागले. ‘पोरांची झोप कशाला मोडा’ म्हणत ओट्यावर बसलेली माणसं मी तीस वर्षं बघते आहे. त्यांना मधुमेह असेल तर दुखणंही पुष्कळदा बोथट असतं, नुसतं दडपण, नुसता घाम. पित्त वाटणं साहजिक आहे.

आता दादाचं इंजेक्शन. तुम्ही दोघांनी धरून चाललंय की असं औषध कुठेतरी आहे, मोठ्या रुग्णालयात मिळतं आणि अण्णांचं हुकलं. ताई, ते नाही. पुण्यात नाही, मुंबईत नाही, दादा राहतो त्या शहरातही नाही. अटॅक आल्या आल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी चिकटू नयेत म्हणून देण्याचं एकही औषध आज कुठल्याच देशाच्या नेहमीच्या उपचारांत नाही.

पण दादाचा लेख खोटा नाही, म्हणूनच तो पटतो. त्यातली गोष्ट थोडी सविस्तर सांगते.

गवतातून चालून आल्यावर धोतराच्या काठाला कुसळं लागलेली असतात ना, तशी कल्पना करा. एरवी पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर सरळ वाहून जातात, रक्तवाहिनीचं अस्तर गुळगुळीत असतं. धमनी बंद पडून पुन्हा उघडली की अस्तर चिडतं. काही मिनिटांतच त्याच्या पेशी पी-सिलेक्टिन नावाचं एक प्रथिन पृष्ठभागावर आणतात, ते आधीच आत साठवलेलं असतं. त्याला अडखळत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरावरून गडगडू लागतात. मग त्यांच्या अंगावरचा सीडी-१८ नावाचा हूक अस्तरावरच्या आयकॅम-१ नावाच्या कडीत अडकतो, पेशी जागच्या जागी थांबतात, चपट्या होतात आणि दोन पेशींच्या फटीतून स्नायूत उतरतात. तिथे जाऊन त्या जंतूंसाठी राखलेला दारूगोळा सोडतात, पण जंतू तिथे नसतातच. शिवाय त्या बारीक वाहिन्यांत बूच होऊन बसतात, आणि मोठी धमनी उघडूनही आतल्या स्नायूला रक्त पुरत नाही. हे सगळं खरं आहे.

म्हणून संशोधक या हुकाच्या मागे लागले. १९८३ साली मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी कुत्र्यांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल आधीच कमी केल्या, मग धमनी बांधली आणि सोडली. मेलेला भाग लहान निघाला. १९८८ मध्ये त्याच गटानं पेशी तशाच ठेवून फक्त हूक झाकणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) दिलं, तरीही भाग लहान निघाला. त्या वेळची डॉक्टर मंडळी किती हरखली असतील याची मला कल्पना आहे. मी तेव्हा विद्यार्थिनी होते आणि आमच्या सरांनी फळ्यावर या हुकाचं चित्र काढून ‘पुढच्या दहा वर्षांत हे औषध तुम्ही देणार’ असं सांगितलं होतं.

माणसांवरच्या चाचण्या झाल्या, दोनही मोठ्या आणि नीट घेतलेल्या. एकीत ३९४ रुग्णांना गुठळी विरघळवणाऱ्या औषधासोबत सीडी-१८ झाकणारं प्रतिपिंड किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. निकाल २००१ मध्ये आला: धमनीतलं रक्त वाढलं नाही, मेलेला भाग घटला नाही. दुसरी ४२० रुग्णांची, अँजिओप्लास्टी होणाऱ्यांची, निकाल २००२ चा. प्लासिबोवाल्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा १६ टक्के भाग मेला होता, औषधाच्या कमी मात्रेत १७.२ आणि जास्त मात्रेत १६.६. दादाला हे तीन आकडे पाठवा. तो आकड्यांचा माणूस आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं, त्याला वेगळं काही समजावावं लागणार नाही.

पी-सिलेक्टिनच्या वाटेनंही कुणी गेलं नाही असं नाही. त्याला झाकणाऱ्या एका प्रतिपिंडाची चाचणी लहान अटॅकच्या ५४४ रुग्णांवर झाली, २०१३ मध्ये निकाल आला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, ते अँजिओप्लास्टीनंतर जास्त मात्रेत थोडं कमी झालं. त्यातून अटॅकवरचं औषध काही उभं राहिलं नाही. (याच पी-सिलेक्टिनला रोखणारं एक औषध अमेरिकेत २०१९ मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या वेदनांसाठी मंजूर झालं. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांना सिकलसेल म्हणजे काय हे सांगायला नको. युरोपनं मात्र पुढच्या चाचणीत फायदा न दिसल्यानं २०२३ मध्ये त्याची परवानगी काढून घेतली.)

कुत्र्यांत जमलं आणि माणसांत का नाही, याची माझी समजूत अशी. प्रयोगातला कुत्रा तरणाबांड असतो, त्याच्या धमन्या स्वच्छ असतात, धमनी नेमकी दीड तास बांधलेली असते आणि औषध वेळेवर तयार असतं. आपला पेशंट साठीचा असतो, मधुमेहाचा, तंबाखू सोडून दोन वर्षं झालेला किंवा न सोडलेला, आणि तो पाच तासांनी आलेला असतो. स्नायू तोवर रक्त न मिळाल्यानंच मेलेला असतो. पांढऱ्या पेशी नंतर येऊन जे बिघडवतात तो उरलेला लहान हिस्सा. शिवाय चिकटायला एकच हूक नसतो, एक झाकला की दुसरे कामाला येतात.

हे झालं औषध न चालण्याबद्दल. तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे, ते मला जास्त खटकतं. तुम्ही लिहिलंय, ‘म्हणजे आपल्याच पेशी आपल्या वैरी झाल्या.’

निवासी डॉक्टर असताना बालरोग विभागात माझी पाळी होती. पाच आठवड्यांचं एक बाळ आलं, नाळ अजून पडलेली नव्हती. एरवी ती आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून गळते. या बाळाच्या बेंबीला ती ओल्या दोरीसारखी लोंबत होती, भोवतालची कातडी जांभळी-काळी पडत चालली होती, आणि पू नव्हता. थेंबभरही नाही. रक्ताचा रिपोर्ट आला तर पांढऱ्या पेशी साठ हजारांच्या वर. लॅबवाल्यानं आपली चूक असेल म्हणून पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. जखम कोरडी बघून मी आपलं ‘पू तरी नाही’ असं म्हणाले, तर मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘पू व्हायला हवा होता.’ त्या बाळाच्या पेशींवर सीडी-१८ हा हूकच जन्मतः नव्हता. रक्तात पेशींचा पूर आणि जखमेत एकही उतरत नाही, कारण थांबायलाच जमत नाही. दादाचं औषध जे मुद्दाम घडवू पाहतं, ते त्या बाळात निसर्गानंच घडवलं होतं. ते बाळ वाचलं नाही.

हृदयातही याच पेशी आधी मेलेला स्नायू उचलतात. त्यांच्या मागून मोनोसाइट, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी येतात, त्या राडारोडा साफ करतात आणि व्रण धरायला लावतात. अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात ती भिंत सगळ्यात मऊ असते, क्वचित फुटतेही. २०१७ साली एका गटानं अटॅक दिलेल्या उंदरांमधून न्यूट्रोफिल काढून टाकल्या, तर हृदय चांगलं राहण्याऐवजी आणखी अशक्त झालं. उंदरांचाच दाखला द्यायचा तर हाही द्यावा लागेल. आणि ‘देऊन बघायला काय हरकत होती’ असं दादा म्हणेल, म्हणून हेही सांगते. मेंदूच्या झटक्यात आयकॅम-१ झाकणारं प्रतिपिंड ६२५ रुग्णांच्या चाचणीत देऊन पाहिलं होतं. २००१ चा निकाल: औषध मिळालेल्यांपैकी २२.२ टक्के दगावले, प्लासिबोवाल्यांपैकी १६.२ टक्के. हरकत होती.

अण्णांना आता अठरा दिवस झाले. त्या पहिल्या चिकटण्याचा काळ केव्हाच सरला. आता त्यांच्या हृदयात गवंडीकाम चालू आहे. त्या कामगारांना, म्हणजे पांढऱ्या पेशींना (त्यांच्या या लगबगीलाच डॉक्टर सूज म्हणतात), हाकलायचं की नाही, आणि हाकलायचं तर किती, हा प्रश्न आहे. इथून तुमचा पहिला प्रश्न सुरू होतो.

आधी कोल्चिसिन. ते संधिवातातल्या गाउटचं जुनं, स्वस्त औषध आहे. पांढऱ्या पेशींची हालचाल आणि त्यांचं चिकटणं ते मंदावतं, म्हणून हृदयासाठी त्याची परीक्षा झाली. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत, अटॅकनंतर महिनाभरात रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केल्यावर पुढचे हृदयविकाराचे प्रसंग ७.१ टक्क्यांवरून ५.५ वर आले. अमेरिकेत २०२३ मध्ये या कामासाठी परवानगीही मिळाली. मग २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या, आणखी मोठ्या चाचणीचा निकाल आला: कोल्चिसिन ९.१, प्लासिबो ९.३. म्हणजे फरक नाही. शहाणे डॉक्टर आज यावर दोन तोंडांनी बोलतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. यातली कुठलीही चाचणी मेलेला स्नायू जिवंत करण्याची नव्हती, हे मात्र दादानं नीट वाचावं.

तुम्ही ते स्वतःहून सुरू करू नका. अण्णांना मधुमेह आहे, मूत्रपिंडं कशी आहेत हे क्रिएटिनिन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मूत्रपिंड मंद असेल तर कोल्चिसिन अंगात साठतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक खोकल्यासाठी कुणी लिहून दिलं की दोन्ही मिळून जिवावर बेतू शकतं. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर स्नायू दुखू शकतात. जुलाब तर नेहमीचेच. आणि वनस्पतीपासून बनतं म्हणून सौम्य असेल असंही समजू नका. आपल्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं घेऊन येणारी कळलावी, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं, आणि तो कंद खाऊन माणसं मेलेली आहेत. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, ‘अण्णांना कोल्चिसिन द्यावं असं तुम्हाला वाटतं का, नसेल तर का नाही?’ ते जे म्हणतील ते करा.

याहून तातडीची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहिली आहे. आई स्वतःच्या गुडघ्याच्या गोळ्यांपैकी एक रात्री अण्णांना देतात, ‘सूज कमी होते म्हणून’. ते आजपासून बंद करा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या सूज कमी करतात हे खरं, पण अटॅकनंतर त्या घेणाऱ्यांत रक्तस्राव आणि पुन्हा अटॅक दोन्ही वाढलेले दिसतात. आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामातच आडवं येतं. अण्णा दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहेत, त्यात ही भर नको. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आईंना रागावू नका. सूज वाईट आणि सूज कमी करणारं ते चांगलं, हा दादाचाच तर्क त्यांनी घरात होत्या त्या गोळ्यांनी चालवला, एवढंच.

आता सही. तुम्ही मला विचारलंत, ‘सही करू की नको?’ तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दादा काय म्हणतो ते आहे, आई काय म्हणतात ते आहे, तुमची घालमेल आहे. अण्णांचं एकही वाक्य नाही. ताई, अण्णा शुद्धीवर आहेत, पेपर वाचतात, कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हिशेब सांभाळले असं तुम्हीच लिहिलंय. सही तुमची नाहीच. कायद्यानंही नाही आणि एरवीही नाही. जो माणूस छाती दुखत असतानाही घरच्यांना उठवत नाही, त्याच्या बाबतीतले निर्णय पुन्हा त्याच्या पाठीमागे, हळू आवाजात होत असतील, तर पुढच्या वेळी तरी तो का उठवेल?

त्यांच्यासोबत बसा आणि अभ्यासाची माहितीपुस्तिका मराठीतली मागा. ती द्यावीच लागते, आणि तिची प्रत तुमच्याकडे राहते. औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा विचारलंच नसेल. आधी ते विचारा. नाव कळल्याशिवाय दादाचा होकार आणि आईंचा नकार दोन्ही हवेतले आहेत. भारतातली प्रत्येक औषध चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदवलेली असली पाहिजे. तो नोंदणी क्रमांक घ्या, तुम्हाला किंवा दादाला तो इंटरनेटवर शोधता येईल. अभ्यासातल्या रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर पुस्तिकेत असतो, तो फक्त छापलेला नसतो, लावायचाही असतो.

मग अण्णांनी स्वतः डॉक्टरांना विचारावं: मला खरं औषध मिळेल की प्लासिबो, हे कुणाला माहीत असेल? माझ्या चालू गोळ्यांपैकी एखादी थांबणार आहे का? जंतुसंसर्ग झाला तर काय? सूज दाबणाऱ्या औषधांचा हा नेहमीचा तोटा आहे. २०१७ मध्ये अशाच एका महागड्या इंजेक्शनच्या १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले, पण जंतुसंसर्गानं मरण्याचं प्रमाण थोडं वाढलं. मधुमेहाच्या माणसाला हा प्रश्न जरा मोठ्यानं विचारावा लागतो. पुण्याच्या फेऱ्या किती, गाडीभाडं कोण देणार, हेही विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, नेहमीच्या उपचारांत त्यानं फरक पडू शकत नाही. डॉक्टर यातल्या एखाद्या प्रश्नाला वैतागले तर अण्णांना उत्तर मिळालंच.

माझं मत विचाराल तर, अभ्यास नीट नोंदलेला असेल आणि अण्णांना स्वतःला पटत असेल, तर मी हो म्हणेन. पण दादाच्या कारणासाठी नाही. त्यातून त्यांचं पंपिंग सुधारेल ही आशा ठेवून सही करू नये, अशा अभ्यासात पुष्कळांना तर औषधच मिळत नाही. मी हो म्हणते ते त्या ३९४ आणि ४२० लोकांमुळे. त्यांनी तेव्हा सही केली म्हणून आज मी तुम्हाला ‘ते इंजेक्शन चालत नाही’ असं ठामपणे लिहू शकले. आईंचं ‘प्रयोग नकोत’ हेही मी हलक्यात घेणार नाही. त्यांना विचारा, नेमकी भीती कशाची? बायकांना बहुतेक वेळा औषधाची भीती नसते. पुन्हा रुग्णालयाच्या बाकड्यावर एकटीनं बसावं लागेल याची असते. अण्णा नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही, फक्त तो ‘नाही’ त्यांचा असू द्या.

पंपिंगच्या आकड्याबद्दल. अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांतला ३५ हा आकडा पुष्कळदा अंतिम नसतो. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आणि काही आठवड्यांत कामाला लागतो. म्हणून दीड ते तीन महिन्यांनी इको पुन्हा करतात. तेव्हाही ३५ किंवा कमी राहिला तर हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारं यंत्र बसवायचं का, ही चर्चा होते. तोवर हृदयाला हात देणाऱ्या गोळ्या आहेत आणि त्यांच्यामागचा पुरावा दादाच्या लेखापेक्षा कितीतरी भक्कम आहे. गंमत म्हणजे त्यांच्यातल्या मेटोप्रोलॉलनं न्यूट्रोफिलची धावपळ मंदावते असं स्पेनमधल्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळलं. शिरेतून दिलेल्या मेटोप्रोलॉलच्या चाचण्यांचे निकाल मात्र उलटसुलट आहेत, तेव्हा तेवढ्यावर दादाला नवा लेख शोधायला लावू नका. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही, एक दिवसही, दात काढायचाय म्हणून कुणी सांगितलं तरी, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. नवा स्टेंट गुठळीनं बंद होतो तो अशा सुट्टीच्या दिवशी. चालायला सांगितलं असेल तेवढं चालू द्या, रोज पहाटे वजन लिहा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पायावर सूज आली तर कळवा. ही सूज खरंच काळजीची.

अण्णांच्या आत्ताच्या, बरं वाटत असतानाच्या ईसीजीचा फोटो तुमच्या, आईंच्या आणि अण्णांच्या फोनमध्ये ठेवा. त्यांचा ईसीजी आता बहुधा कायमच वेगळा दिसणार आहे. पुढे कधी रात्री दोनला एखादा नवखा डॉक्टर तो बघेल तेव्हा जुन्याशी ताडून पाहता आला तर त्याची आणि तुमची घालमेल वाचेल. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दडपण, कारण नसताना घाम, आणि दहा मिनिटांत ओसरलं नाही, तर १०८. सोडा नाही, ओटा नाही. उशाशी एक घंटी ठेवा, देवघरातली असली तरी चालेल. अण्णा हाक मारणार नाहीत, पण घंटी वाजवतील. माझे वडील वाजवायचे.

दादाला एकदा व्हिडिओ कॉल लावून अण्णांच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. इतक्या लांबून त्याला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तो लेख पाठवतो. आणि त्यानं स्वतःचं कोलेस्टेरॉल आणि साखर शेवटची कधी तपासली, हेही अण्णांनाच विचारू द्या.

दुसरा इको झाला की आकडा कळवाल का? आणि अण्णांनी काय ठरवलं तेही. जमल्यास त्यांच्याच शब्दांत.